बंदर बुजते, रूळ गंजतात; जबाबदार कोण?



परतवाड्याला समुद्र नाही. मग बंदराची गोष्ट आम्ही इथे का काढतो, असे कुणी विचारील. गावचा माल ज्या वाटेने बाहेर पडतो आणि गावचा माणूस ज्या वाटेने घरी येतो, ती वाट म्हणजे त्या गावचे बंदर. कोकणात ती खाडीच्या मुखाशी असते. आपल्या अचलपूर-परतवाड्याची ती अडीच फुटी रुळांवर होती. शकुंतला तिचे नाव.

कोकणचे आधी सांगतो. वऱ्हाडच्या कापसाचे मुंबईत ज्यांनी सूत काढले त्यांत कोकणी हात फार होते. त्या भावांच्या राजापुरास एके काळी गलबते खाडीतून थेट गावापर्यंत येत. खाडीत गाळ साचत गेला, गलबते खालीच राहिली आणि पेठ ओस पडली. मुंबईहून बोटीने गावी जाणाऱ्या गिरणी कामगाराला बोट भर समुद्रात उभी राहिल्यावर पडावात उतरून किनारा गाठावा लागे. पुढे त्या बोटीही गेल्या. आजही खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा पडला की ओहोटीला होडी रुतते. मच्छीमार भरतीची वाट पाहतो, पण टोपलीतली मासळी थांबत नाही. राज्याला ७२० किलोमीटरचा किनारा आहे, ४८ लहान बंदरे आहेत आणि त्यांच्यासाठी १९९६ पासून मेरिटाइम बोर्ड आहे. समुद्र गाळ रोज आणतो. फीत मात्र एकदाच कापतात, आणि ती कापली की सरकारला वाटते, काम झाले!

आता आपले गाऱ्हाणे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन कंपनीने मूर्तिजापूर-अचलपूर आणि मूर्तिजापूर-यवतमाळ या लाईनी टाकल्या त्या काही आपल्या कळवळ्याने नव्हे. वऱ्हाडची रुई मूर्तिजापुरास, तिथून मोठ्या गाडीने मुंबई बंदरास, आणि बोटीने विलायतेस. मँचेस्टरचे कापड त्याच वाटेने उलटे येई आणि आपल्याच कास्तकाराच्या अंगावर चढे. पण लुटीसाठी टाकलेले रूळ पुढे गरिबाचे झाले. अचलपूर, पथ्रोट, अंजनगाव, बनोसा, मूर्तिजापूर: ७६ किलोमीटरला चार-चार तास लागत. गार्डच तिकिटे फाडी. लोक हसत, आणि तरी बसत, कारण एस.टी.च्या मानाने भाडे फार थोडे होते. मजुराला वेळ परवडतो, पैसा परवडत नाही.

१९५१ साली मध्य रेल्वे उभी राहिली, तेव्हा ही लाईन कंपनीच्याच नावावर राहिली. रूळ कंपनीचे, गाडी रेल्वेची, उत्पन्नात दोघांचा वाटा. इंग्रज अजून खंडणी नेतो, अशी गोष्ट लोक रंगवून सांगतात. ती आम्हाला पटत नाही. किलिक निक्सन केव्हाच देशी भांडवलदारांच्या हाती आली होती. रोग गोऱ्या कातडीचा नव्हताच. दोन मालकांच्या गाईला चारा कोण घालणार, हा तो रोग! दूध दोघांनी काढले आणि गाय वाळत गेली. स्लीपर कुजले, गाडीचा वेग उतरत गेला, आणि मग हेच लोक म्हणू लागले, "गाडी तोट्यात आहे, बसतो कोण तिच्यात?" गाडी बंद पडली असे कागदावर लिहितात. पडली नाही राजेहो, पाडली!

तोट्याचे म्हणाल, तर परतवाडा-चिखलदरा घाटात पावसाळ्यात दरड कोसळते. ती उचलण्याआधी कुणी नफा-तोट्याचा तक्ता मांडतो काय? घाटाचा रस्ता खुला ठेवणे सरकारचे काम, तर रूळ खुला ठेवणे कुणाचे? खाडी खुली ठेवणे कुणाचे?

२०१६ साली रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांनी या लाईनीच्या रुंदीकरणासाठी १,५०० कोटी रुपयांची घोषणा केली. टाळ्या वाजल्या, आम्हीही वाजवल्या. घोषणा आली, पाठोपाठ छोटी गाडी गेली, मोठी काही आली नाही. मार्च २०२० मध्ये देशभरच्या एन.टी.सी.च्या गिरण्या थांबल्या, त्यांत आपली फिनलेही थांबली. जुन्या विदर्भ मिलचा घाव भरतो न भरतो तोच हा दुसरा. पाळी सुटलेला माणूस रोजीसाठी अमरावतीला, अकोल्याला जातो म्हणतो, तर स्वस्त गाडी नाही. गिरणी पुन्हा पुरती चालवायची म्हटली तरी गाठी न्यायला रूळ नाहीत. भोंगा आणि शिट्टी या दोन वेगळ्या तक्रारी समजू नका.

मुंबईचे मंत्री सांगतील, रेल्वे दिल्लीची. खरे आहे, रेल्वे केंद्राचीच. पण १९५३ च्या नागपूर करारात विदर्भाला लोकसंख्येच्या प्रमाणात पैसा देण्याचे वचन होते, आणि १ मे १९६० ला राज्य झाले ते त्या वचनासकट. राज्याने आपला हिस्सा टाकावा, जमिनीचे कागद साफ करावेत आणि कंपनीचा हिशेब मिटवायला दिल्लीच्या दारात बसावे. एवढे तरी त्याच्या हातात आहेच. लहान बंदरांच्या बाबतीत तर दिल्लीची सबबही चालायची नाही.

तेव्हा सभेत कुणी पुढारी शकुंतलेचे नाव घेऊन टाळ्या मागू लागला, तर त्याला कोटींचा आकडा विचारू नका. आकडे आपण पुष्कळ ऐकले. काम कोणत्या महिन्यात सुरू होणार आणि पहिला रूळ मूर्तिजापूरकडून पडणार की अचलपूरकडून, तेवढे विचारा. आणि उत्तर लिहून घ्या.