आत्याचा डबा

दिवाळीला औंधला आत्याकडे जायचे, हा आमच्या घरचा जुना शिरस्ता. यमाईच्या डोंगरावरून उतरलो, की माझे गुडघे बोलू लागतात. मग ओसरीवर बसून फराळ. यंदा तिचा नातू विनूही आला होता. तो एका साखर कारखान्यात बॉयलरची नियंत्रणयंत्रणा सांभाळतो. ऐन सणात स्वारीचा चेहरा उतरलेला!

कारण असे, की बॉयलरच्या अग्निप्रदीपनाचा मुहूर्त त्याच्यामुळे टळला. पाहुणे नारळ घेऊन ताटकळले आणि विनूने वरिष्ठांची बोलणी खाल्ली.

"काका, आदल्या दिवशी ठेकेदाराचा माणूस येऊन गेला, आणि सकाळी खूण जुळेना!"

बॉयलरमधले पाणी कुठवर उतरले की जाळ बंद करायचा, हे नियंत्रक पेटीतला प्रोग्रॅम ठरवतो. त्याच्या फाइलीवरून गणिताने ६४ अक्षरांची एक खूण काढतात. फाइलीत एक आकडा बदलला, तरी सारी खूण पालटते. मूळ खूण विनू डायरीत लिहून ठेवतो. साहेब म्हणाले, संगणकातच ठेवा की!

आत्या एकदम हसली. "मी अनारशांच्या डब्याला दोरा बांधायची. तुम्ही कार्टी अनारसे खाऊन पुन्हा तशीच गाठ मारायचा. मग मी मोजून आकडा मनात ठेवू लागले."

अगदी हेच! खूण फाइलीशेजारीच ठेवली, तर चोर दोन्ही बदलील. २०१० साली उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या घातकी प्रोग्रॅमने तर इराणमधील नतान्झ येथे यंत्रांशी बोलणारी फाइलच काढून तिच्या जागी दुसरी बसवली. चक्रे बिघडत होती आणि पडद्यावर सारे आलबेल!

"म्हणजे भाऊसाहेबांचा तोतयाच की रे!" आत्या म्हणाली.

मला १२ ऑक्टोबर २०२० आठवला. सकाळी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. मी सात मजले चढलो. मार्च २०२१ मध्ये राज्याच्या गृहमंत्र्यांनी घातपाताचा संशय बोलून दाखवला. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी माणसाची चूक म्हटले. विनूचे म्हणणे, अशा वेळी आधी काय होते आणि नंतर काय झाले, हे ताडून पाहायला मूळ प्रत वेगळी कुलपात हवी.

त्याने तसेच केले. मूळ प्रतीशी ताडले, तर पाण्याची मर्यादा खाली आणलेली! बॉयलर सारखा बंद पडू नये, म्हणून त्या भल्या माणसाने परस्पर केलेली सोय. शत्रू कुणी नव्हता. पण रात्रपाळीला त्या बॉयलरपाशी वीसेक माणसे असतात.

मूळ प्रोग्रॅम पुन्हा भरून दुपारी चारला बॉयलर पेटला. नियंत्रकाची किल्ली विनूने 'चालू'वर फिरवली आणि काढून कपाटात ठेवली. २०१७ साली सौदी अरेबियातील एका रासायनिक कारखान्यात सुरक्षा नियंत्रकाची किल्ली 'प्रोग्रॅम'वरच राहिली होती. घुसखोरांना तेवढी फट पुरली. त्यांच्याच चुकीने यंत्रे थांबली, म्हणून ते सापडले.

"साहेब अजून बोलत नाहीत," विनू म्हणाला.

त्याची समजूत काढता काढता मी हळूच डब्यात हात घातला.

"चौथा," आत्या म्हणाली.