मेसेज केला, पण गेलास का?

गेल्या वर्षी एका सकाळी आमच्या खानदानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला. बडे अब्बांना, म्हणजे माझ्या मोठ्या चुलत्यांना, रात्री छातीत दुखायला लागलं म्हणून मिरजेच्या एका दवाखान्यात दाखल केलं होतं. ग्रुपमध्ये आम्ही ६१ जण. दुपारपर्यंत स्क्रीन दुआंनी भरून गेली. कुवेतमधून, मुंब्र्यातून, पुण्यातून, अगदी शेजारच्या गल्लीतूनही दुआ आल्या. मीही ‘अल्लाह शिफा दे, आमीन’ टाइप केलं, दुआचे दोन हात टाकले आणि कामाला लागलो. त्या दिवशी मी सांगलीतच होतो. मिरज तिथून सिटी बसने अर्ध्या तासावर.

रात्री जेवताना अम्मीने विचारलं, "बडे अब्बा का सुना क्या?"

"हां, मेसेज किया मैंने."

"मेसेज किया, गया क्या?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गेलो. बडे अब्बा पडून होते, उशाला मोबाईल. चष्मा घरी राहिला होता, म्हणून कुणाकुणाचे मेसेज आले ते बडी अम्मा त्यांना वाचून दाखवत होत्या. "तुझाही आला होता," ते हसून म्हणाले. राग अजिबात नव्हता. पण बडी अम्मांकडे पाहिलं आणि मान खाली गेली. त्यांची मुलं आखातात. तीन दिवस त्या एकट्या त्या लोखंडी खुर्चीत बसून होत्या. घरी जाऊन अंघोळ करून यायलाही त्यांना कुणी सुटी दिली नव्हती. मी चार तास बसलो, तेवढ्यात त्या घरी जाऊन आल्या. मी तिथे विशेष काहीच केलं नाही. एकदा नर्सला हाक मारली, दोनदा पाणी दिलं. पण ६१ जणांच्या दुआंनी जे झालं नव्हतं, ते त्या चार तासांत झालं. एका थकलेल्या बाईला श्वास घेता आला.

अल्हम्दुलिल्लाह, बडे अब्बा आता बरे आहेत. अम्मीचा प्रश्न मात्र माझ्या मनातून गेलेला नाही. मोबाईलच्या या दुनियेत खरं नातं कशाला म्हणायचं, याचं उत्तर मला त्या चार शब्दांतच सापडतं.

दोष मोबाईलचा नाही

सोशल मीडियाने नाती संपवली, असं आपले वडीलधारे म्हणतात. मला ते पूर्ण पटत नाही. तो ग्रुप नसता तर बडे अब्बा आजारी आहेत हे मला कळलंच नसतं. पूर्वी अशी खबर मशिदीत, चहाच्या टपरीवर किंवा लग्नात कळायची. आता ती खिशात येऊन पडते. म्हणजे खबर लवकर मिळू लागली, ही नेमतच आहे.

घोटाळा पुढे होतो. खबर मिळाली की काहीतरी केल्याचं समाधानही त्याच स्क्रीनवर लगेच मिळतं. फेसबुकवर लाइकचं बटण २००९ साली आलं. तेव्हापासून आनंद असो वा दुःख, आपण बोटाने उरकू लागलो. इंतिकालाची पोस्ट आली की ‘इन्ना लिल्लाहि’ कॉपी करून पेस्ट करायचं. वाढदिवसाला केकचं चित्र. आपलं कर्तव्य संपलं, असं मनाला वाटतं आणि मन पुढच्या पोस्टकडे सरकतं.

आपल्या दीनमध्ये आजाऱ्याच्या इयादतीला जाणं आणि जनाज्यात सामील होणं हे मुसलमानाचे मुसलमानावरचे हक्क मानले आहेत. हक्क हा शब्द नीट ऐकला पाहिजे. हक्क म्हणजे देणं. आणि या दोन्हींत पायांना काम आहे. दूर असलेल्याने फोन करावा, दुआ करावी, जमले तर पैशाची मदत करावी. पण जो अर्ध्या तासावर आहे, त्याची दुआ चालत जायला हवी.

पुरात भेटलेला मित्र

आता दुसरी बाजू सांगतो, कारण माझ्या आयुष्यातलं एक घट्ट नातं सोशल मीडियानेच दिलं आहे. आणि ते जवळजवळ तोडलं मीच.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, तेव्हा कुणीतरी एका रात्रीत ‘पूर मदत’ नावाचा ग्रुप काढला. त्यात कोण कुठला, काही माहीत नव्हतं. कुठे होडी हवी, कुठे दुधाची पावडर, कुठे बीपीच्या गोळ्या, एवढंच बोलणं. त्या वर्षी बकरी ईद १२ ऑगस्टला होती. ईद साधेपणाने करून आमच्या मोहल्ल्यातल्या बाया भाकऱ्या थापत होत्या. पण भाकऱ्या न्यायच्या कशा? ग्रुपवर एकाचा व्हॉइस मेसेज आला, "माझा ट्रॅक्टर हाय. सांगा कुठं आणू." वाळवा तालुक्यातला एक तरुण शेतकरी, वारकऱ्याच्या घरातला. चार दिवस मला त्याचा फक्त आवाज माहीत होता. पाचव्या दिवशी समोरासमोर आलो आणि दोघांनी चिखलातच गळामिठी मारली. ओळख विचारायची गरज पडली नाही.

पाणी ओसरलं, ग्रुप मात्र राहिला. काम संपलेल्या ग्रुपचं जे होतं तेच झालं. आधी गुड मॉर्निंगची फुलं, मग विनोद, मग फॉरवर्ड. २०२० च्या एप्रिलमध्ये करोनाचं खापर मुसलमानांच्या माथी फोडणारे व्हिडिओ गावोगाव फिरत होते. त्यातलाच फळविक्रेत्याचा एक व्हिडिओ माझ्या या मित्राने ग्रुपवर टाकला.

मला आतून लागलं. दहा मिनिटांत मी तो व्हिडिओ खोटा असल्याचा पुरावा शोधून टाकला. तिथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मी खाली लिहिलं, ‘पुरात आमच्या हातची भाकरी चालली, आता आमच्या हातचं फळ चालत नाही का?’ आपल्या पोरांनी अंगठ्यांचा पाऊस पाडला. तासाभरात तो ग्रुप सोडून गेला. मी स्क्रीनशॉट काढून चार ठिकाणी पाठवला. वाटलं, जिंकलो.

२०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा चढलं. रात्री अकरा वाजता एका वस्तीवर सामान पोहोचवायचं होतं आणि ट्रॅक्टर मिळत नव्हता. बराच वेळ नंबरकडे बघत बसलो, शेवटी लावला. "ट्रॅक्टर आहे का?" पलीकडे क्षणभर शांतता. मग तोच आवाज, "हाय. कुठं आणू?"

पहाटे चहा पिताना त्याने विषय काढला. म्हणाला, "व्हिडिओ खोटा हाय हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. मला एक फोन केला असतास तर मी तिथंच माफी मागितली असती. पण तू सगळ्यांसमोर भाकरी काढलीस. खाल्लेली भाकरी काढायची नसते रे."

मी बरोबर होतो, यात आजही शंका नाही. व्हिडिओ खोटाच होता आणि त्याची किंमत आपल्या गरीब हातगाडीवाल्यांनी मोजली. पण बरोबर असूनही मी त्याला गमावलं होतं. त्याच्याकडे ट्रॅक्टर होता, तसा माझ्याकडे त्याचा नंबर होता. मी तो नंबर वापरला नाही, ग्रुप वापरला. कारण ग्रुपमध्ये टाळ्या होत्या आणि फोनवर फक्त आम्ही दोघं.

याचा अर्थ द्वेष गिळून गप्प बसा, असा नाही. जाणूनबुजून विष पसरवणाऱ्याला उघड उत्तर द्यावंच लागतं, गरज पडली तर तक्रारही करावी लागते. पण विष पसरवणारा वेगळा आणि विचार न करता पुढे ढकलणारा मित्र वेगळा. दोघांना एकाच काठीने हाणलं तर द्वेष पसरवणाऱ्याचंच काम सोपं होतं. त्याला नेमकं हेच हवं असतं, की माझ्या आणि त्या ट्रॅक्टरवाल्याच्या मध्ये बोलणं उरू नये.

अनोळखी राहण्याची किंमत

बोलणं न उरल्यावर काय होतं, हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशा अफवा त्या काळात मोबाईलवरून फिरत होत्या. मारले गेलेले मंगळवेढ्याकडचे भिक्षेकरी होते. त्या गर्दीत त्यांना ओळखणारं कुणी नव्हतं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल, अशी मर्यादा घातली. २०२० च्या एप्रिलमध्ये वारंवार फिरलेल्या मेसेजसाठी ती एकावर आणली. कंपनी बोट अडवू शकते. मनातला संशय अडवणं हे तिचं काम नाही, ते आपलं आहे.

कुरआनची सूरह हुजुरात या बाबतीत मला आजच्या मोबाईलसाठीच उतरल्यासारखी वाटते. बातमी आली की आधी तपासा, नाहीतर नकळत कुणाचं नुकसान कराल आणि पस्तावाल, अशी ताकीद त्यात आहे. थट्टा, टोपणनावं, संशय, हेरगिरी आणि पाठीमागची निंदा यांची मनाई आहे. आणि त्यापुढेच सांगितलं आहे की माणसांचे वेगवेगळे समूह केले ते एकमेकांची ओळख व्हावी म्हणून. हा क्रमच बघा. तपासणं, जीभ आवरणं आणि मग ओळख. आपण ऑनलाइन नेमकं उलटं करतो. ओळख नसताना जीभ सोडतो आणि तपास शेवटी करतो, केला तर.

आपल्या तरुणांसाठी हा प्रश्न पोटाशीही जोडलेला आहे. असुरक्षिततेपोटी मुसलमान एकाच वस्तीत गोळा होत आहेत, हे सच्चर समितीने २००६ च्या अहवालात नोंदवलं होतं. माझी शाळा, मशीद, क्रिकेट, मित्र, सगळं एका मोहल्ल्यात. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली एक साधी पण खोल गोष्ट मांडली. नोकरीची खबर अनेकदा जिवलग मित्राकडून मिळत नाही, तर अधूनमधून भेटणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून मिळते. कारण जिवलगांना तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. मोहल्ल्याच्या भिंतीबाहेरच्या अशा ओळखी आपल्या आजोबांना मिळणं कठीण होतं. आपल्या हातात ते दार आहे. आपण त्यातून बाहेर जातो की तिथून फक्त दगड फेकतो, हे आपण ठरवायचं.

मी काय बदललं

मी कुणाला उपदेश करण्याच्या लायकीचा नाही. स्वतःपुरते काही नियम केले आहेत, ते सांगतो.

आजारपणाची किंवा मौतीची खबर वाचली की आधी कॅलेंडर बघतो, मग कीबोर्ड. जाणं शक्य असेल तर ‘कधी येऊ?’ असं विचारतो. ‘काही लागलं तर सांगा’ म्हणत नाही, कारण संकटातला माणूस कधीच सांगत नाही. ‘रात्री मी थांबतो’ असं सरळ सांगितलं तर तो नाही म्हणत नाही.

मतभेद ग्रुपवर नाही, फोनवर. आवाजात माणूस असतो. आणि जुनं केलेलं, खाऊ घातलेलं कधीच काढत नाही.

ग्रुपला काम नसेल तर काम शोधतो. रक्तदान, शिष्यवृत्तीचे अर्ज, कुणाच्या पुस्तकांची सोय. नुसत्या गप्पांचा ग्रुप सडतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

नवी ओळख झाली की घाई करत नाही. चेहरा न दाखवता, घरच्यांचा विषय टाळत, आठवड्यात जिवाभावाचं बोलून पैसे किंवा फोटो मागणारा मित्र नसतो. आमच्या बहिणींना हे जास्त सोसावं लागतं. तेव्हा त्यांना दरडावण्याआधी त्या आपल्याला विश्वासाने सांगू शकतील, असे भाऊ आपण आहोत का, हे तपासलेलं बरं.

आणि शेवटचं, जे मला सर्वांत जड जातं. नात्याची सुरुवात समोरच्यानेच करावी, हा हट्ट सोडला. सिलारहमीबद्दल आपल्याला शिकवलं गेलं आहे की परतफेड करणारा नव्हे, तर तुटलेलं जोडणारा खरा नातं सांभाळणारा. त्या रात्री अकरा वाजता मी पुढे होऊन नंबर लावला, तो फार काही मोठेपणा नव्हता, गरज होती. पण आज वाटतं, गरज नसतानाच तो लावायला हवा होता, पंधरा महिने आधी.

तुमच्या मोबाईलमध्येही असा एक नंबर असेल. एखादा शाळेतला मित्र, एखादी रुसलेली खाला, एखादा असा माणूस ज्याला तुम्ही ग्रुपवर हरवलंत. आज त्याची पोस्ट लाइक करू नका. फोन लावा. आणि जवळ असेल तर उठून जा. रात्री घरी आल्यावर अम्मीने विचारलं, "गया क्या?" तर मान वर करून उत्तर देता आलं पाहिजे.