परसबागेतील टोमॅटो : आधाराचा आग्रह कोठे आणि कोठवर?

परसबागेसाठी टोमॅटोची रोपे वाटली जातात तेव्हा त्यांच्यासोबत बहुधा एक ठरलेली सूचनाही दिली जाते : झाडांना बांबू-तारेचा आधार द्यावा आणि बगलेतील फुटवे वेळच्या वेळी काढावेत. नारायणगाव, पिंपळगाव बसवंत किंवा कोलार परिसरातील व्यापारी लागवडीत ही सूचना योग्यच आहे. तेथे क्रेटमधील फळ एकसारखे आणि बेडाग असावे लागते, फवारणीचा पंप पाठीवर घेऊन ओळींमधून चालता यावे लागते आणि तोडणी झटपट उरकावी लागते. परसबागेचे गणित वेगळे आहे. तेथे आठ-दहा झाडे असतात. घराला एकाच दिवशी पाच क्रेट माल नको असतो, तर रोजच्या आमटी-भाजीपुरती चार फळे दोन-अडीच महिने मिळत राहावी लागतात. फळ थोडे वेडेवाकडे असले तरी कोणी ते परत करीत नाही.

तरीही शेतावरचा सल्ला जसाच्या तसा अंगणात नेला जातो, आणि त्याचा परिणाम सल्ला न दिल्यापेक्षा फारसा चांगला होत नाही. बांबू, तार आणि सुतळी यांचा खर्च दहा झाडांच्या मानाने परवडण्याजोगा नसतो. घरातील स्त्री सूचना ऐकून घेते, मान डोलावते, आणि झाडे जमिनीवरच राहतात. रब्बीत त्यामुळे मोठे नुकसान होत नाही. म्हणून पुढच्या पावसाळ्यातही आधार दिला जात नाही, आणि तेव्हा मात्र निम्मी फळे मातीत सडतात. सरसकट दिलेल्या सल्ल्याचा खरा तोटा हाच आहे. जेथे आधार अनिवार्य आहे तेथेही तो ऐकला जात नाही.

टोमॅटोचे झाड मुळात उभे राहणारे नव्हे. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम भागातील त्याचे रानटी भाऊबंद जमिनीवर पसरूनच वाढतात. खोड ओल्या मातीला टेकले की तेथून मुळे फुटतात, हे कोणत्याही अंगणात पाहता येते. म्हणून पसरलेले झाड दिसले की ती हयगय समजण्याचे कारण नाही. कॅलिफोर्नियात प्रक्रिया उद्योगासाठी घेतला जाणारा टोमॅटो आजही आधाराविना, गादीवाफ्यांवर पसरू दिला जातो. मात्र तेथील वाण मर्यादित वाढीचे असतात, त्यांची फळे जवळजवळ एकाच वेळी पिकतात, आणि मुख्य म्हणजे तेथील उन्हाळा कोरडा असतो. फळाखालची जमीन सुकी राहते.

आपल्याकडील पावसाळ्यात नेमके याउलट घडते. पावसाचा थेंब मातीवर आदळतो आणि मातीतील रोगबीजे घेऊन खालच्या पानांवर व फळांवर उडतो. हिमाचल प्रदेशातील सोलन जिल्हा पावसाळी टोमॅटोसाठी प्रसिद्ध आहे. तेथे फायटोफ्थोरामुळे होणारी फळसड ही जुनी डोकेदुखी आहे. जमिनीलगतच्या हिरव्या फळावर एकाआड एक गडद-फिकट तपकिरी वलये उमटतात आणि काही दिवसांत फळ गळून पडते. या रोगावरील शिफारशींमध्ये झाडाला आधार देणे आणि जमिनीपासून १५ ते २० सेंटिमीटरपर्यंतची पाने काढून टाकणे यांना औषधाइतकेच महत्त्व आहे. करप्याचेही तसेच आहे. पाने जितका वेळ ओली राहतील तितका तो फैलावतो, आणि उभ्या झाडात वारा खेळला की पाने लवकर सुकतात. शिवाय पावसाळ्यात गच्च पसरलेल्या वेलाखाली गोगलगायी जमतात, अंगणातल्या कोंबड्या हाताशी आलेली फळे टोचतात, आणि विंचू-सापाच्या भीतीने त्या गचपणात हात घालायला कोणी धजत नाही. फळे पिकूनही तोडली जात नाहीत.

तेव्हा खरीपात आधार हवाच; त्याबाबत तडजोड नको. रब्बीत मात्र आधी वाण विचारावा. पुसा रुबीसारखा अमर्यादित वाढीचा वाण शेंड्याकडे वाढतच राहतो. तो मोकळा सोडला तर एक झाड सहज चौरस मीटरभर जागा व्यापते, आणि लहान अंगणाला ते परवडत नाही. पुसा अर्ली ड्वार्फ किंवा पंजाब छुहारा यांसारखे मर्यादित वाढीचे वाण ठेंगणे असतात. कोरड्या हंगामात, गादीवाफ्यावर, भाताचा पेंढा किंवा उसाचे पाचट जाडसर अंथरून त्यांना पसरू दिले तर ते अंगणात गैर नाही. अंतर मात्र ७५ ते ९० सेंटिमीटर ठेवावे लागते आणि पाणी बुंध्यापाशीच द्यावे लागते. रोपवाटपात वाणाचे नावच सांगितले जात नाही, ही वेगळी तक्रार आहे. पण ते कळल्याखेरीज आधाराचा सल्ला देणे म्हणजे अंधारात बाण मारणे.

याहून अधिक नुकसान एका गैरसमजाने होते. आधार देणे आणि फुटवे काढणे ही दोन वेगळी कामे आहेत, पण सल्ल्यात ती नेहमी जोडीने येतात. एका खोडावर वाढवलेले झाड लवकर फळते आणि फळ मोठे देते, हे खरे. पण झाडागणिक फळांची संख्या घटते, आणि घराला संख्याच हवी असते. त्याहून मोठा प्रश्न उन्हाचा आहे. फेब्रुवारीनंतर विदर्भ-मराठवाड्यात ऊन कडक होऊ लागते. पानांची सावली हरवलेल्या फळावर पांढरट, सुरकुतलेला चट्टा पडतो आणि तो भाग नंतर सडतो. तापमान ३० अंशांच्या पुढे गेले की फळात लाल रंग नीट भरत नाही. उघड्या फळाचे तापमान तर हवेपेक्षाही अधिक असते. म्हणजे ज्या पालवीला निरुपयोगी समजून खुडले जाते, तीच त्या दिवसांत फळाची छत्री असते. छाटलेल्या, उंच बांधलेल्या झाडांत पाण्याची ओढाताण झाली की फळाच्या टोकाशी काळा डाग पडण्याचे प्रमाणही वाढते. घरी पाणी देण्यात एखाद्या दिवसाचा खंड पडायचाच. म्हणून परसबागेसाठी सल्ला असा असावा : पावसाळ्यात झाडाला आधार द्यावा, जमिनीलगतची पाने काढावीत, आणि त्यावरच्या फुटव्यांना शक्यतो हात लावू नये. झाड फारच दाटले तर पहिल्या फुलोऱ्याखालचे एक-दोन फुटवे काढणे पुरेसे होते.

आधारासाठी बांबूच हवा असे नाही. तुराट्या, निरगुडीच्या किंवा गिरिपुष्पाच्या काठ्या पुरतात. गिरिपुष्पाची ओली काठी रोवली तर ती फुटते, म्हणून आधी वाळवावी. तीन काठ्यांची शेंड्याकडे बांधलेली तिकाटी वाऱ्यात एकट्या काठीपेक्षा अधिक टिकते. पऱ्हाट्या वापरायच्या असतील तर त्यांवर न उमललेली बोंडे नाहीत ना, हे पाहून घ्यावे, नाहीतर गुलाबी बोंडअळीला घरातच आसरा मिळतो. काठी लावणीच्या वेळीच किंवा त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत रोवावी. झाड लोळल्यावर रोवलेली काठी मुळे तोडते, आणि वाकलेले खोड जबरदस्तीने उभे करताना मोडतेही. सुतळीचा वेढा इंग्रजी ८च्या आकाराचा आणि सैल असावा. जुन्या साडीच्या काठाची पट्टी सुतळीपेक्षा बरी, कारण ती खोडात रुतत नाही. बांधणी करणाऱ्याने तंबाखू मळली असेल तर साबणाने हात धुऊनच झाडाला हात लावावा; तंबाखूतील विषाणू त्या हातांनी टोमॅटोत शिरतो. गेल्या वर्षीच्या काठ्या धुऊन उन्हात चांगल्या तापवल्याशिवाय पुन्हा वापरू नयेत.

आधाराने सगळेच साधते असा समज मात्र करून देऊ नये. पांढऱ्या माशीमार्फत पसरणारा लीफ कर्ल विषाणू उभ्या झाडालाही सोडत नाही, आणि कोकणासारख्या दमट भागातील जिवाणूजन्य मर रोग मुळांतून येतो, काठीने तो अडत नाही. तेथे अर्का रक्षकसारखा रोगप्रतिकारक संकरित वाण निवडणे हाच पहिला उपाय ठरतो. विस्तार कार्यकर्त्याने हे आधीच सांगितले नाही, तर मरीने गेलेल्या झाडाचा दोषही काठीच्या माथी येतो.

गावातील प्रात्यक्षिकासाठी एखाद्या अंगणात एकाच वाणाची बारा रोपे पुरतात. सहा बांधलेली, सहा पेंढ्यावर सोडलेली, आणि पुढच्या हंगामात पुन्हा तशीच. दर तोडणीला वजन घरच्या तराजूवर करता येते. वहीत मात्र दोन रकाने हवेत : एक टोपलीत आलेल्या फळांचा आणि दुसरा उकिरड्यावर गेलेल्या फळांचा.