सांगलीच्या मामांची दुरुस्ती

या सदराच्या जुन्या वाचकांना सांगलीचे मामा आठवत असतील. काही वर्षांपूर्वी याच दिवाळी अंकात मी त्यांच्यावर लिहिले होते. भाऊबीजेला साताऱ्याला येणारे, एका हातात भडंगाची पिशवी अन् तोंडात एस.टी.चे वेळापत्रक घेऊन उतरणारे, आणि अंगणात पहिला फटाका वाजला की कानांत बोटे घालून माजघराच्या कोपऱ्यात उभे राहणारे मामा. लेख वाचून पोट धरधरून हसल्याची पत्रे आली. मी खूश! मराठीच्या प्राध्यापिकेला विक्षिप्त मामा लाभावा, यापरते भाग्य ते कोणते? पु. ल. देशपांड्यांच्या 'व्यक्ति आणि वल्ली'ला १९६५ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले, तेव्हापासून निम्म्या महाराष्ट्राला आपल्या घरातही एक वल्ली असल्याचा शोध लागलेला आहे.

मामांनी लेख वाचून एक कार्ड पाठवले. त्यात दोनच वाक्ये होती. 'गाडी सहा वीसची नसून सहा दहाची. भडंग पाव किलो नसून अर्धा किलो.' त्या कार्डावरही आम्ही हसलो.

तिसरी दुरुस्ती गेल्या वर्षी आली.

वयाच्या पासष्टाव्या वर्षी मामांना स्वमग्नता असल्याचे निदान झाले. निमित्त त्यांच्या चार वर्षांच्या नातवाचे. त्याला पुण्याच्या डॉक्टरीणबाईंकडे नेले होते आणि आजोबा कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले होते. बाई विचारीत होत्या : खेळण्यातल्या मोटारी एका ओळीत लावतो का? कुकरची शिट्टी सोसत नाही का? ठरलेला क्रम मोडला तर कासावीस होतो का? शेवटी मामांनी विचारले, "हे प्रश्न त्याच्याबद्दल आहेत की माझ्याबद्दल?"

सगळे हसले. मामा हसले नाहीत. ते महिन्याभरात मोठ्या माणसांची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांकडे एकटे जाऊन आले. तिथे लहानपणची हकीकत सांगणारे कोणीतरी लागते, म्हणून दुसऱ्या खेपेला थोरल्या बहिणीला, म्हणजे माझ्या आईला, बरोबर नेले.

"या वयात हे कसं काय झालं?" असे ज्याने त्याने विचारले. ते या वयात होत नाही. माणूस तसाच जन्माला येतो. नाव मात्र उशिरा मिळते. लिओ कॅनर या डॉक्टरांनी अमेरिकेत अकरा मुलांची हकीकत छापली ती १९४३ साली. पुढल्याच वर्षी व्हिएन्नात हान्स आस्पेर्गर यांनी त्याच धर्तीचे लिहिले. पण बोलूचालू शकणारी, शिकणारी, नोकरी करणारी माणसेही याच कुळातली असू शकतात, हे लॉर्ना विंग या इंग्रज डॉक्टरीणबाईंच्या १९८१ च्या निबंधानंतर हळूहळू पटू लागले. मामांचा जन्म १९५९ चा. १९८१ साली ते कचेरीत चिकटलेसुद्धा होते. छत्तीस वर्षांच्या हिशेबात एका पैशाची चूक नाही, आणि 'माणसांत मिसळत नाहीत' हा शेरा मात्र दरसाल.

त्या कचेरीने त्यांना एक गोष्ट दिली होती, ती म्हणजे ठरलेले टेबल आणि चहाची ठरलेली वेळ. निवृत्तीने तेवढेच नेमके काढून घेतले. पहिले वर्ष त्यांनी कसे काढले ते मामींनाच ठाऊक. मग ते रोज सकाळी आयर्विन पुलावर जाऊन कृष्णेच्या पाण्याची पातळी वहीत टिपू लागले. हा पूल १९२९ चा. तिथे पाणी ४५ फुटांवर गेले की धोक्याची पातळी. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ते ५७ फुटांच्याही वर गेले होते. त्या दिवसांत शेजारीपाजारी मामांना विचारायला येत. पूर ओसरला तशी माणसेही ओसरली.

'स्वमग्नता' या शब्दावर मामांचा आक्षेप आहे. मूळ शब्द १९११ च्या सुमारास ब्लॉयलर या स्विस डॉक्टरांनी ग्रीकमधल्या 'स्व'वरून घडवला, तोही वेगळ्याच आजाराच्या संदर्भात, असे मी त्यांना शिक्षकी थाटात सांगू लागले. ते मला तोडून म्हणाले, "मी स्वतःत कुठे मग्न आहे? मी पाण्याच्या पातळीत मग्न आहे." बावीस वर्षे मराठी शिकवते आहे. यावर उत्तर सुचले नाही.

निदान झाल्यावर त्यांना वाटले, आपल्यासारखी आणखी माणसे असतील, ती गाठावीत. सांगलीत अशा मुलांच्या पालकांची एक बैठक भरते असे कळले. मामा वेळेआधी पाऊण तास जाऊन बसले. ओळखी सुरू झाल्या. "तुमचं मूल केवढं?" "पासष्ट वर्षांचं." पुन्हा हशा. तिथे सगळे आईबाप. ज्यांच्याविषयी बोलणे चालले होते त्यांच्यातले फक्त मामाच हजर.

बैठक संपल्यावर मात्र एक बाई थांबल्या. त्यांचा मुलगा एकोणीस वर्षांचा. नळ सुरू झाला की कान झाकतो आणि बोलून काही सांगत नाही. "त्याला नेमकं काय होत असेल हो?" मामांनी त्यांना वीस मिनिटे समजावून सांगितले. आवाज कानावर येत नाही, अंगावर येतो. आधी सांगून सोडलेला नळ निम्मा त्रास देतो. बाई लिहून घेत होत्या. एवढ्या वर्षांत त्यांना हे आतून सांगणारे कोणी भेटले नव्हते.

आता दर रविवारी तो मुलगा मामांबरोबर पुलावर असतो. मी एकदा मागून पाहिले. दोघे दोन हात अंतर ठेवून उभे, नजर पाण्यावर, तासभर एक शब्द नाही. आकडा वहीत मुलगा लिहितो.

मामांना मी डोनाल्ड ट्रिप्लेटची गोष्ट सांगितली. कॅनरच्या अकरा मुलांतला तो पहिला. मिसिसिपीतल्या फॉरेस्ट नावाच्या छोट्या गावात वाढला, तिथल्याच बँकेत नोकरी केली, म्हातारपणी गोल्फ खेळला, देशोदेशी एकटा हिंडला आणि २०२३ साली ८९ व्या वर्षी गेला. ओळखीच्या माणसांना तो आकडे द्यायचा आणि ते वर्षानुवर्षे त्याच्या ध्यानात राहत. गावाला त्याचे काही वाटत नसे. मामांनी दोनदा विचारले, "काहीच वाटत नसे?"

आईचे मात्र अजून सावरलेले नाही. डॉक्टरांपुढे तिने सगळे नीट सांगितले होते. परतताना कराड येईपर्यंत गप्प होती. मग मला म्हणाली, "मी त्याचा हात धरून त्याला फटाक्यांत उभा करीत असे गं. भ्याड म्हणून हसायचे सगळे. धीट व्हावा असं वाटायचं मला." ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. पुढच्या सीटवर बसलेल्या मामांना हे ऐकू गेले असावे. ते मागे न वळता म्हणाले, "तू धरलेला हात सैल होता, अक्का. सुटता येत होतं."

ते खरे होते की नाही, हे मी आईला विचारलेले नाही.

मामांनी या अंकासाठी एकच अट घातली होती. लेख छापण्याआधी त्यांना दाखवायचा. दाखवला. 'पुलावर तासभर' याखाली रेघ मारून त्यांनी 'पन्नास मिनिटे' केले आहे. बाकी ठीक. कार्डाच्या दुसऱ्या बाजूला भाऊबीजेचा मजकूर आहे : 'सहा दहाची गाडी. ओवाळणी संध्याकाळी सहाला. साडेसहाला माडीवर जाईन. बोलवायला कोणी येऊ नये. ताट वर पाठवावे, चकल्या चार.'

आईने माडी झाडून घेतली आहे. गल्लीतल्या मुलांना बोलावून फटाके साडेसहानंतरच उडवा, असे ती दोनदा बजावून आली आणि त्यासाठी पोरांना आगाऊ एक डबा चकल्या द्याव्या लागल्या.