पुनरुत्थानाचा अर्थ

आज ईस्टर. या सणाविषयी आम्हां कीर्तनकारांना श्रोते हटकून विचारतात, 'बुवा, हा पुनर्जन्मच ना?' नव्हे. पुनर्जन्मात देह पालटतो. 'उत्थान' शब्दात 'उद्' उपसर्गासह 'स्था' धातू आहे. पडलेल्याने उठून उभे राहणे, हा त्याचा अर्थ. योहानाच्या शुभवर्तमानात उठलेला ख्रिस्त संशयी थोमाला हातांवरील खिळ्यांचे व्रण दाखवितो. मृत्यू जिंकला, परंतु व्रण पुसले गेले नाहीत!

श्रीलंकेच्या ख्रिस्ती समाजाला या व्रणांचा अर्थ फार दारुण रीतीने उमगला. २१ एप्रिल २०१९ रोजी, ईस्टरच्याच सकाळी, कोलंबो, नेगोंबो व बट्टिकलोआ येथील चर्चांत आणि कोलंबोतील हॉटेलांत आत्मघातकी स्फोट झाले. अडीचशेहून अधिक जीव गेले. पुढच्या रविवारी चर्चे बंद राहिली. कार्डिनल माल्कम रणजित यांची मिस्सा भाविकांनी घरोघरी दूरचित्रवाणीवर पाहिली. २०२० चा ईस्टरही महासाथीमुळे घरातच गेला. त्या दिवशी कार्डिनलांनी हल्लेखोरांना क्षमा केल्याचे सांगितले. न्यायाची मागणी मात्र त्यांनी सोडली नाही. कित्येकांना यात विसंगती दिसेल. आम्हांस दिसत नाही. व्रण झाकून केलेली क्षमा ती क्षमा कसली? २०२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने माजी राष्ट्राध्यक्षांना भरपाई देण्याचा आदेश दिला, तरी कटामागील संपूर्ण सत्याची मागणी थांबली नाही.

नेगोंबोच्या सेंट सेबॅस्टियन चर्चमध्ये पुनरुत्थित ख्रिस्ताच्या मूर्तीवर त्या सकाळी रक्त उडाले होते. ते डाग न धुता ती मूर्ती तेथे जपून ठेवली आहे.