घरगुती विज्ञान : झील धरणारें यंत्र

नेरूळला आमच्या वडील बंधूंचें बिऱ्हाड आहे. गेल्या पावसाळ्यांत तेथें घडलेली हकीकत वाचकांस सांगण्यासारखी आहे. मातुःश्रींच्या रक्तदाबाचे कागद घेऊन बंधु डॉक्टरांकडे गेले आणि तेथूनच परस्पर नागपूरच्या गाडीसाठीं मुंबईस निघाले. लोकल वाशीच्या खाडीपुलावर असतांना त्यांनीं घरीं फोन करून सांगितलें, “आईला संध्याकाळची गोळी अर्धीच द्या.” वहिनींच्या कानीं आलें तें एवढेंच : “आईला संध्याकाळची गोळी... द्या.” मधली स्तब्धता त्यांना बोलणाराच्या विसाव्यासारखी वाटली. नेहमींच्या गोळीची आठवण करून देत आहेत, असें समजून त्यांनीं दोन दिवस सबंध गोळी दिली. तिसऱ्या दिवशीं मातुःश्री घेरी येऊन देवघराच्या उंबऱ्याशींच बसल्या. सुदैवानें त्यावरच निभावलें.

वहिनींचा प्रश्न मात्र मोठा मार्मिक होता. “शब्द गळला, तर खरखर कां झाली नाहीं? मीं पुन्हां विचारलें नसतें का?”

पूर्वीं तारेवरून आवाज अखंड लहरींच्या रूपानें येई. बिघाड झाला कीं कानांत कडकडाट होई आणि ऐकणारा आपण होऊनच ‘पुन्हां सांगा’ म्हणून ओरडे. आतांची रीत निराळी आहे. नवी मुंबईंतच, घणसोलीस, मुख्य ठाणें असलेल्या जिओ कंपनीनें ५ सप्टेंबर २०१६ रोजीं आपली सेवा सुरू केली, ती आरंभापासूनच बोलणें आणि इंटरनेट एकाच मार्गानें नेणारी होती. पुढें इतर कंपन्याही त्याच वाटेनें आल्या. या पद्धतींत बोलण्याचे सेकंदाला पन्नास तुकडे पडतात. वीस मिलिसेकंदांच्या अशा एकेका तुकड्याचें एकेक पॅकेट होतें. पॅकेटांत प्रत्यक्ष आवाज नसतो. स्वराची उंची, मुखाची ठेवण, उच्चाराचा जोर यांचें टिपण असतें, आणि एका प्रचलित प्रकारांत तें अवघ्या २५३ बिटांत मावतें. पत्र उशिरां आलें तरी वाचतां येतें. बोलण्याचें पॅकेट उशिरां आलें तर तें हरवल्यांतच जमा. मनोरा आणि फोन यांच्या दरम्यान तें घाईघाईनें पुन्हां पाठविण्याची सोय असते खरी, परंतु फार वाट पाहत बसलें तर संभाषणच अडखळतें. म्हणून चौथ्या पिढीच्या जागतिक नियमांत अशा बोलण्यापुरता हिशेब आधींच मांडलेला आहे : पॅकेटाला शंभर मिलिसेकंदांची मुदत, आणि शंभरांत एखादें गहाळ झालें तरी चालेल!

मग तें एखादें गहाळ झालेलें आपल्याला जाणवत कसें नाहीं? पोवाड्यांत शाहीर दम घेतो तेव्हां मागचे झीलकरी सूर धरून ठेवतात, हें आपण ऐकलें असेल. आपल्या फोनांतील यंत्र हेंच करतें. ‘आ’ म्हणतांना पुरुषाच्या स्वरतंतूंचीं सेकंदाला सुमारें शंभर आंदोलनें होतात; म्हणजे एका पॅकेटाच्या अवधींत एकच आकृति दोनदां उमटते, बायकांच्या आवाजांत सुमारें चारदां. तेव्हां मागच्या पॅकेटांतील टिपण पुन्हां वापरलें, जोर किंचित् उतरविला, कीं खळगा बुजतो. परंतु झीलकऱ्यांना पुढची कथा कोठें ठाऊक असते? ‘ट’ किंवा ‘प’ यांचा स्फोट कांहीं मिलिसेकंदांतच आटोपतो. तो गेला तर मागच्या स्वरावरून त्याचा अदमास बांधतां येत नाहीं. आणि आमच्या बंधूंसारखा मनुष्य धांवत्या गाडींत असला, एका मनोऱ्याची हद्द संपून दुसऱ्याची लागत असली, म्हणजे एक सोडून वीस पॅकेटें ओळीनें जातात. ‘अर्धीच’ हा शब्द तेवढ्यांत सहज बसतो.

जुन्या जीएसएम फोनाचे नियम करणाऱ्यांनीं येथें जो विवेक दाखविला तो मला फार आवडतो. पहिल्या हरवलेल्या तुकड्याच्या जागीं मागचा घाला. पुढचेही येईनासे झाले तर आवाज पायरीपायरीनें उतरवा, आणि फार तर ३२० मिलिसेकंदांत पूर्ण गप्प व्हा. चमत्कारिक आवाज निघूं नयेत हें त्याचें एक कारण. परंतु वाट तुटली आहे हें ऐकणाराला कळावें, असा हेतूही त्यांनीं स्पष्ट लिहून ठेवला आहे. दुर्दैव एवढेंच कीं, वहिनींना ती सूचना ओळखतां आली नाहीं. गाडींतल्या माणसाचें बोलणें तुटकच असावयाचें, अशी आपली समजूत असते.

२०१४ साली प्रमाणित झालेल्या ईव्हीएस नांवाच्या पद्धतींत आणखी एक युक्ति आहे. एका पॅकेटाची त्रोटक नक्कल कांहीं पॅकेटें मागून येणाऱ्या दुसऱ्या पॅकेटांत ठेवतां येते. पहिलें हरवलें तरी नक्कल हातीं लागते. मात्र दोन्ही टोंकांचे फोन आणि मधली यंत्रणा यांना ती पद्धति येत असली पाहिजे.

वहिनींनीं तोंवर स्वतःचीच नक्कल सुरू केली आहे. औषध, रक्कम, गाडीची वेळ, कांहींही ऐकलें कीं त्या तें उलट म्हणून दाखवितात आणि पलीकडून ‘बरोबर’ आल्यावांचून फोन ठेवीत नाहींत. बंधु प्रथम वैतागले. परवां मात्र त्यांनीं ‘पावणेआठची गाडी’ म्हटलें, वहिनींनीं ‘आठची’ असें उलट म्हटलें, आणि बंधूंनीं निमूटपणें पुन्हां सांगितलें.