केसपेपर कोण सांभाळणार?

कला शाखेचा विद्यार्थी दिसला की "बी.एड. की स्पर्धा परीक्षा?" एवढेच विचारतात. कॉलेजची पायरी चढणारी आमच्या घरातली मी पहिलीच. मला तिसरी वाट सुचवावीशी वाटते : दवाखान्यातील नोंदी सांभाळण्याचे काम, तेही दवाखान्यातच उमेदवारी करून शिकायचे.

कुणी म्हणेल, ही तर कारकुनी! भोरकरांनी तरी असे म्हणू नये. हे पंतसचिवांचे संस्थान. अष्टप्रधानांत राजपत्रे तपासणे, दप्तरावर नजर ठेवणे हेच सचिवाचे काम होते.

वेल्ह्याच्या खोऱ्यात भातलावणीत कुणाला साप चावला, की माणूस आधी जवळच्या दवाखान्यात, तेथून भोरला, तेथून पुण्याला ससूनला. दर ठिकाणी नवा केसपेपर. जुना पिशवीत, आणि पिशवी घेतलेला नातेवाईक पैसे जमवायला गावी गेलेला! लस कधी व किती दिली, हे पुढच्या डॉक्टरांनी कुणाला विचारायचे? त्यात एका गावात एकाच नाव-आडनावाची चार माणसे आणि प्रत्येकाचे इंग्रजी स्पेलिंग निराळे. आभा कार्डाचा १४ आकडी क्रमांक आला खरा, पण तो योग्य माणसाच्या कागदाला जोडायला गाव ओळखणारे कुणी हवे.

हे काम शिकावे लागते. आयसीडी-१० या जागतिक यादीत सर्पविषबाधेचा संकेतांक टी ६३.० आहे. २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार दाखल रुग्णाच्या नोंदी ३ वर्षे जपायच्या असतात आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत द्यायच्या असतात. आमच्या गावात हा हक्क किती जणांना ठाऊक असेल?

शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा. २०१४ च्या दुरुस्तीने तो अभियांत्रिकीबाहेरच्या पदवीधरांनाही खुला झाला. २०२४ मध्ये राज्याने ६ महिन्यांच्या कार्यप्रशिक्षणाची योजना आणली, पदवीधराला दरमहा १०,००० रुपये. परंतु मुदत संपल्यावर पुढे काय, हा प्रश्न राहिलाच. शिवाय उमेदवार म्हणजे चहा आणणारा व झेरॉक्स काढणारा, अशी समजूत असेल तर असले प्रशिक्षण नकोच. काय शिकवणार, कोण शिकवणार आणि कोणते प्रमाणपत्र देणार, हे आधी कागदावर यावे.

पुण्यात खोली करून शिकणे आम्हा मुलींना परवडत नाही. घरचे पाठवतही नाहीत. म्हणून प्राचार्यांनी भोरच्या सरकारी रुग्णालयाशी बोलून पाहावे. सुरुवातीला चार जणांना घेतले तरी चालेल. फक्त वेळ ठरवताना वेल्ह्याकडे जाणारी संध्याकाळची एस.टी. चुकणार नाही एवढे बघावे.